विळीवर कापलेलं पुस्तक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक पुस्तक कापलं. बुधवारची दिवेलागण होती. ही विळीवर बसली, मी समोर पाट घेऊन बसलो. पुस्तकाचे दोन्ही पुठ्ठे मी दोन हातांत ताणून धरायचे. हिनं पानं मोजून मधे खराट्याची काडी घालायची आणि जिथं काडी तिथं पुस्तकाची पाठ पात्यावर दाबायची. करकर आवाज होतो, डांगर चिरल्यासारखा. पाच तुकडे झाले. मग मी दाभण आणि सुतळी घेतली, पेरूच्या खोक्याचे पुठ्ठे लावले आणि एकेक तुकडा शिवून काढला.

पाचवा शिवताना ही म्हणाली, "टाकं जवळ घाला. मागच्या बारीला पानं गळली."

मी म्हणालो, "पोती शिवनाऱ्याकडनं पैठनीचं काम मागू नको."

तरी टाके जवळ घातले. पाचही भाग क्रेटमध्ये रचून ठेवले, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी गुरुवार. ती उठली नाही.

डॉक्टरनं झोपेतच हार्ट बंद पडलं म्हणून सांगितलं. शेवटचं बोलणं पैठणीचं झालं. काही खास बोलायचं असतं हे अगोदर कोण सांगतं?

पुस्तक विळीवर कापणारी बाई तुम्ही बघितली नसणार, म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस. खताच्या पोत्यावरचं वाचतो, एसटीची पाटी वाचतो, तेवढ्यात माझं आयुष्य निघालं. ही सातवी. लगीन झालं म्हणून सातवी, नाहीतर पुढं गेली असती, हे ती मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायची. जसं काही शाळेतनं हात धरून मीच ओढून आणली.

राहात्याच्या बाजूला आमची पेरूची बाग. सकाळी तोड, मग शेडात निवड आणि भरणी. क्रेटला तळात रद्दी पेपर घालतात. ही पेपर घालता घालता वाचत बसायची आणि टेम्पोवाला बाहेर हॉर्न मारून मारून बेजार व्हायचा. किराणाची पुडी आणली की आधी साखर डब्यात ओतायची, मग पुडीचा कागद सरळ करून वाचायची. अर्धीच बातमी असायची. उरलेली अर्धी कुठल्या घरात गेली असेल याचा घोर हिला. एकदा म्हणाली, बातमीतल्या त्या बाईला पोलीस पाटलानं काय सांगितलं ते दुकानदाराला विचारून या, पुढचा कागद त्याच्याकडंच असंल. मी गेलो नाही. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

पोरांची लग्नं झाली, एक नागापूरच्या कंपनीत लागला, एक पुण्याला गेला, मग हिला रान मोकळं झालं. रद्दीवाला दारावरनं जायचा. ही त्याला डागी पेरू द्यायची आणि बदल्यात जाड पुस्तक घ्यायची. कुठलं, कुणाचं, काही बघायची नाही. जाड पाहिजे, एवढंच. म्हणायची, "बारीक पुस्तकातली मानसं वळक व्हायच्या आत निघून जात्यात."

हिच्या चार मैत्रिणी. गिरणीवाली नलू, तोंडानं फाटकी आणि मनानं धड. अंगणवाडीच्या बाई, आता रिटायर झाल्यात, वर्गात बोलल्यासारखं सावकाश बोलतात. आणि एकमेकींच्या सख्ख्या जावा असलेल्या दोघी, थोरली आणि धाकटी. या दोघींचं सामाईक भिंतीवरनं वाकडं आलेलं, कित्येक वर्षं एकमेकींशी शब्द नाही. पाचही जणींना वाचायची हौस आणि पुस्तक एक. पहिलीचं होईपर्यंत चौघींनी तोंडं बघत बसायचं. अंगणवाडीच्या बाईंचा तर दोन महिन्यांनी नंबर आला.

तेव्हा हिनं विळी घेतली.

पाच भाग, पाच जणी. जिच्या वाट्याला जो भाग येईल तो आठवडाभर वाचायचा. गुरुवारी बागेला सुट्टी, त्या दिवशी सकाळी आमच्या शेडात क्रेट पालथे घालून त्यावर बसायचं, आपापल्या भागात काय झालं ते सांगायचं आणि भाग बदलायचे. म्हणजे एकीला पुस्तकातली पोरगी पाळण्यात दिसायची, दुसरीला तीच पोरगी नातवंडं खेळवताना. मी म्हणालो, ही कसली वाचायची तऱ्हा? डोकं कुठं, पाय कुठं, पत्ता नाही.

तर हिनं मला काय ऐकवावं. "मी या घरात आले तवा तरी गोष्ट मधीच चालू हुती की. तुमच्या आज्याची भांडनं, तुमच्या आत्याचं रुसनं, सगळं आधीच झाल्यालं. मला कुनी पयल्यापासनं सांगितलं? घेतलं न्हवं समजून?"

मी उठून बैलाला पाणी पाजायला गेलो.

आमच्या गावात एक म्हातारे गुरुजी होते. त्यांच्या कानावर गेलं. ते काठी टेकत आले आणि म्हणाले, बाई, पुस्तक म्हणजे सरस्वती, तिला विळीवर कापता, पाप लागेल. हिनं त्यांना पाट दिला, चहा दिला आणि म्हणाली, "गुर्जी, तुमच्या कपाटातली सरस्वती अख्खी हाय, पर तिला कुनी भेटाय येतं का? आमची तुकडं तुकडं होऊन पाच घरं हिंडून येती." गुरुजी चहा प्यायले. जाताना पहिला भाग घेऊन गेले. तीन आठवडे परत दिला नाही, मग नलूच जाऊन घेऊन आली.

पुण्याच्या पोरानं मोबाईलवर पुस्तकं टाकून दिली. पाचशे पुस्तकं बसतात म्हणाला. हिनं मोबाईल उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला आणि त्याला परत दिला. म्हणाली, "ह्यो इळीवर कापता येत न्हाई."

आता सुपारीचं सांगतो. शेवटचा भाग जिच्याकडं असेल तिला शेवट माहीत. बाकीच्या चौघींना तो कळता कामा नये. आणि आमच्या गावातल्या बायका, पोटात काही ठेवतील तर शपथ. म्हणून हिनं नियम काढला. शेवटचा भाग वाचलेल्या बाईनं गुरुवारी तोंडात अख्खी रोठा सुपारी धरून बसायचं. चावायची नाही, काढायची नाही. बोलायचं नाही, फक्त मान हलवायची. मी एकदा क्रेट आणायला म्हणून शेडात गेलो तर नलूच्या तोंडात सुपारी. गाल टम्म, डोळे बाहेर. धाकटी जाऊ म्हणत होती की पुस्तकातला तो मास्तर काही वाईट माणूस नाही, शेवटी सुधारणार. नलू नुसती हूं हूं करून मांडीवर हात आपटत होती. गिरणीचा पट्टा सुटल्यावर आवाज येतो तसा. मला एवढं हसू आलं की हातातले क्रेट पडले.

प्रत्येकीची सुपारी वेगळी. हिची, हिच्या सासूच्या कुंकवाच्या लाकडी डबीत असायची, धुऊन पुसून.

दोघी जावांचं तर विचारू नका. घरी भिंतीकडं पाठ आणि शेडात आल्या की थोरली धाकटीला विचारणार, मग त्या पोरीचं पुढं काय झालं? धाकटी सगळं सांगणार, हात धरून सांगणार. भाग बदलले, शेडाबाहेर पडल्या, की पुन्हा दोघींची तोंडं दोन दिशांना. ही म्हणायची, असू दे, गुरुवारच्या गुरुवारी का हुईना, बोलत्यात.

हिची स्वतःची तऱ्हा आणखी वेगळी. एका पुस्तकात कुणी बापू म्हणून होता, त्याला दवाखान्यात टाकलेलं आणि भाग संपला. पुढचा भाग थोरल्या जावेकडं, तो मिळायला आठवडा. मधल्या सोमवारी बघतो तर ही जेवेना. विचारलं तर म्हणाली, उपास धरलाय, बापूसाठी.

मी म्हणालो, "पुस्तकातल्या मानसासाठी उपास? येड लागलंय का तुला?"

"बाहेरच्यासाठी जलमभर केलं," ती म्हणाली, "त्याचा तरी कितीसा उपेग झाला?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली. मी दुसरी भाकरी मागितली नाही.

बापू वाचला म्हणे. त्या गुरुवारी घरी येऊन हिनं शिरा केला. मी खाल्ला. मला काय, कुणी का वाचेना.

पण खरी गंमत झाली ती वकिलाची, आणि त्यात चूक माझी. पावसानं तोड बंद होती म्हणून हिनं एका दिवशी दोन पुस्तकं कापली. मी शिवायला बसलो. मी काय पानं वाचून शिवतो? जाडी बघायची आणि टाका घालायचा. एका पुस्तकाचा तिसरा भाग दुसऱ्यात गेला, दुसऱ्याचा पहिल्यात. मला कळलं नाही.

पहिल्या पुस्तकात एक वकील होता. बंगला, गाडी, तापट बायको. तिसऱ्या भागात वकील गायब आणि नदीवर नाव चालवणारा एक नावाडी. चौथ्या भागात परत वकील, कोर्टात उभा. पाच आठवडे या बायकांनी त्याच्यावर चर्चा केली. मी बाहेर क्रेट धूत ऐकायचो. धाकटी म्हणाली, वकिली चालली नसंल, पोटासाठी मानूस काय करत न्हाई. थोरली म्हणाली, चालंल कशी, दारू पीत हुता, मी आधीच म्हनले हुते. अंगणवाडीच्या बाईंचं म्हणणं, तो कुणाच्या तरी खुनाचा तपास करायला वेष पालटून राहिलाय. नलूला वाटत होतं की बायकोच्या तोंडाला कंटाळून पळून गेला आणि नदीवर चार दिवस सुखात काढून परत आला. सगळ्यात जास्त पटलं ते नलूचं.

दुसरं पुस्तक फिरायला लागलं आणि त्यात मधेच वकील उगवला, तेव्हा कुठं अंगणवाडीच्या बाईंच्या डोक्यात उजेड पडला. पाचही जणी भाग घेऊन अंगणात आल्या. मी म्हणालो, चूक माझी, कबूल. पण पाच बायका, पाच आठवडे, वकिलाचा नावाडी झाला, नावाड्याचा वकील झाला आणि एकीलाही शंका येऊ नये? पुढं दोन वर्षं मी त्यांना सोडलं नाही. नलू गिरणीत दिसली की विचारायचो, काय, आज कोर्ट का नदी?

नलू एकदा पिठाचे हात झटकत म्हणाली, "दाजी, तुमी एक भाग वाचून दावा. मंग हसा."

चूक उघडी पडली त्या दिवशी सगळ्या गेल्यावर ही भाकरी थापता थापता म्हणाली की तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "शिवलं कुनी हुतं? त्यांनी तुमाला हसल्यालं मला न्हाई आवडत. मी हसले तर चालतं." मग जरा थांबून, "आन वकिलाला बी जरा नदी बघू द्यावी म्हनलं."

ती गेल्यावर दहावं झालं, तेरावं झालं. चौघी आल्या, बसल्या, गेल्या. पुस्तकाचं कुणी काढलं नाही. पाच भाग क्रेटमध्ये तसेच, वरती विळी.

महिना दीड महिना गेला आणि नलू आली. म्हणाली, "दाजी, पुस्तक." मी म्हणालो, नाही. पुढच्या गुरुवारी परत आली. मी म्हणालो, ती गेली, तुमचं वाचन संपलं, आता घरी बसा.

नलू उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "तिचं संपलं असंल. आमचं सुरूबी झालं न्हाई."

मी आत गेलो. चार भाग काढले आणि तिच्या हातात आदळले. पाचवा ठेवला. वाचायचा होता म्हणून नव्हे. त्याला टाके जवळ होते, तिनं सांगितलेले. नलूनं भाग मोजले, माझ्याकडं बघितलं आणि निघाली. माझ्याशी भांडायचं सोडून नलू गेली, तेव्हा मला कळलं की मी कसा दिसत असेन.

आता खोटं कशाला बोलू, आठ दिवस मी तो भाग नुसता जागेवरनं हलवत होतो. मग एके सकाळी, पोरानं लावून दिलेली बाई स्वयंपाक करून गेली, घरात आवाज नाही, म्हणून उघडला. मला मनात वाचता येत नाही. बोट ठेवून मोठ्यानंच वाचावं लागतं. सुरुवातीला एक पान वाचायला सकाळ जायची. पण घरात माणसाचा आवाज झाला, मग तो माझाच का असेना.

पुस्तकात एक म्हातारा होता. एकटा. त्याची सुमन गेलेली. कधी गेली, कशानं गेली, ते आधीच्या भागात असणार. इथं नुसता तो आणि त्याच्या आठवणी. सुमन गेल्यापासून अंगण सुनं झालं. तिच्या पावलांचा आवाज अजून कानात येतो. रागावली की मान फिरवून उभी राहायची, कितीही हाक मारा, बघायची नाही. मी म्हणालो, ही तर आमचीच. गूळ दिला की राग जायचा. आमचीचा शिऱ्यानं जायचा. आयुष्यभर माझा भार ओढला, एका शब्दानं बोलली नाही, असं तो म्हातारा म्हणायचा. इथं मात्र आमची वेगळी. आमची बोलायची.

एका ठिकाणी होतं की मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा ती रोजच्यासारखी त्याच्याबरोबर कामाला उभी राहिली आणि त्याला काही कळलं नाही. त्या पानाला मला चार दिवस लागले. अक्षरं दिसत नव्हती.

मी त्या म्हाताऱ्यासाठी उपास धरला नाही. तेवढा मी येडा नाही. पण एका सोमवारी जेवायचं राहून गेलं, ते गेलं.

मग एका बुधवारी संध्याकाळी नलू परत आली. मी दारात विळीला धार लावत होतो. म्हणाली, चौघींचे चारी भाग वाचून झाले, अदलून बदलून झाले. दोन गुरुवार शेडात नुसत्या बसून उठतोय.

मी म्हणालो, "भाग देनार न्हाई."

"मागाय न्हाई आले," ती म्हणाली. "वाचला का ते इचाराय आले."

मी विळी धुतली. म्हणालो, दोन पानं राहिलीत.

नलूनं कोपऱ्यातल्या पाटाकडं बघितलं, माझ्या बोटाला लागलेली शाई बघितली. जाताना पायरीवरनं म्हणाली, "उद्या गुरुवार हाय, दाजी. तिचा क्रेट आमी अजून उचलला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बसलो आणि दोन पानं वाचून काढली. शेवटी म्हातारा दाराची कडी काढून ठेवतो आणि बाहेर बाजेवर बसतो, एवढंच होतं. मी भाग मिटला. टोपी घातली. कपाटातनं लाकडी डबी काढली. तिची सुपारी आत होती, धुऊन पुसून ठेवलेली. मी ती तशीच तोंडात टाकली. लग्नात तिनं भरवलेल्या उष्ट्या घासानंतर तिच्या तोंडातलं काही माझ्या तोंडात आलं ते हेच.

शेडात गेलो. चौघी बसलेल्या, पाचवा क्रेट रिकामा. मी पाचवा भाग मधे ठेवला आणि क्रेटवर बसलो. थोरलीनं माझ्या गालाकडं बघितलं, धाकटीनं थोरलीकडं बघितलं. मला कुणी काही विचारलं नाही. नियमच तसा होता. तीन महिन्यांत जो तो मला बोला, बोला, मोकळे व्हा म्हणत होता. इथं मला चार बायकांमध्ये गप्प बसायची मुभा होती.

अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "दादांनी आधीचं काहीच वाचलेलं नाही. त्यांना पहिल्या भागापासून सांगायला पाहिजे." आणि वर्गात सांगतात तसं सावकाश सुरू केलं. "एका गावात एक टांगेवाला होता. तरुण होता, एकटाच होता. त्यानं बाजारातनं एक घोडी आणली. पांढरी. कपाळावर काळा ठिपका. तिचं नाव त्यानं ठेवलं सुमन."

मी ऐकलं. मान फिरवून उभी राहायची. गूळ. आयुष्यभर भार ओढला, एका शब्दानं बोलली नाही. कशी बोलंल?

पोटातनं हसू आलं ते आवरेना. दोन वर्षं मी वकिलावरनं यांना छळलं होतं. खांदे हलायला लागले, डोळ्यांतनं पाणी आलं, सुपारी घशात जाता जाता राहिली. बायकांना वाटलं मी रडतोय. अंगणवाडीच्या बाई थांबल्या. दोघी जावा दोन्ही बाजूंनी उठल्या, एकीनं तांब्या आणला, एकीनं पेला धरला. नलू माझ्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "दाजी, काढा ती सुपारी. राहू द्या नियम. पानी प्या."

मी मान हलवली. सुपारी काढली नाही. हातानंच खूण केली, पुढं सांगा.